टू मेनी ओपन फाइल्स: लिमिट लाखावर नेली तरी सर्व्हर १०२४ वरच अडकते, काऊन?

महालचा_पोट्टा
१० मार्च, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, दोन दिवसापासून नीट झोप नाही म्हणून सगळं एकाच पोस्टमधे टाकून रायलो, लांब झालं तं समजून घ्या.

आपलं काम गाड्यांच्या जीपीएस ट्रॅकरचं आहे. शाळेच्या व्हॅन, काही ट्रॅव्हल्स, आन आता मृग बहाराचा संत्रा निघून रायला तं कळमन्यातून बाहेर जाणारे ट्रक. गाडीतला डबा सिमवरून आपल्या सर्व्हरले एक टीसीपी कनेक्शन करते, ते चालूच ठेवते आन दर १० सेकंदाले लोकेशन पाठवते. सर्व्हरवर उबुंटू आहे, गेटवेचा प्रोग्राम सी मधे लिहिला आहे, जुना आहे, ज्यानं लिहिला तो आता आमच्याकडे नाही. सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा, सांभाळणारा प्रोग्राम) सर्व्हिस म्हणून चालते.

तं होते काय, दीड-दोन दिवस मस्त चालते आन मंग एकदम नवीन गाड्या जुडणंच बंद. लॉगमधे ॲक्सेप्टच्या (नवीन कनेक्शन आत घेणारा कॉल) नावानं 'टू मेनी ओपन फाइल्स' ची ओळ, एका सेकंदात हजारो वेळा, आन सीपीयू १०० टक्के. काल सकाळी साडेसहाले नेमकं हे झालं, व्हॅन पोरं घेऊन निघाल्या आन आईबापांच्या मोबाइलवर गाडी दिसेना. एका माउलीचा फोन आला, आवाज रडवेला होता. त्यानंतर मले हे प्रकरण फक्त 'बग' वाटून नाही रायलं.

मी काय काय केलं ते सांगतो. लिमिट्स डॉट कॉन्फ मधे स्टार टाकून नोफाइल (किती फाइल उघड्या ठेवता येते ती लिमिट) सॉफ्ट आन हार्ड दोन्ही १००००० केले. रीबूट मारला. टर्मिनलवर युलिमिट डॅश एन (लिमिट दाखवणारी कमांड) टाकलं तं १००००० दाखवते, एकदम बरोबर. पण सर्व्हर तरी १०२४ च्या आसपासच मरते. सुडो लावून युलिमिट टाकलं तं म्हणते कमांड नॉट फाउंड. एक जण म्हणे कर्नल परत कंपाइल कर. ते मले पटलं नाही, पण दुसरं सुचून भी नाही रायलं.

मिहान_नाइटशिफ्ट
११ मार्च, रात्री १२:२०

कर्नलला हात लावू नको भाऊ. तू बदल केला तो बरोबर आहे पण चुकीच्या दारावर केला. लिमिट्स डॉट कॉन्फ ही फाइल कर्नल वाचत नाही, सिस्टिमडी पण वाचत नाही. ती वाचतो पॅमचा, म्हणजे लॉगिन सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा, एक मॉड्यूल, तेही कोणी लॉगिन करतं तेव्हा. तू एसएसएचने आत आला, पॅमने फाइल वाचली, तुझ्या शेलला लाखाची लिमिट दिली. तुझी सर्व्हिस कधी लॉगिन करते का? तिला सिस्टिमडीने थेट जन्म दिला, ती त्या दारातून गेलीच नाही.

म्हणून पहिला नियम, टर्मिनलवर युलिमिट बघून सर्व्हिसबद्दल काहीच ठरवायचं नाही. प्रॉक फोल्डरमधे जा, तुझ्या गेटवेचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) असलेलं फोल्डर उघड, आत लिमिट्स नावाची फाइल आहे ती कॅट कर. त्या प्रोसेसला कर्नलने खरोखर काय मंजूर केलंय ते तिथे लिहिलेलं असतं, बाकी सगळ्या ऐकीव गोष्टी. बाजूलाच एफडी नावाचं फोल्डर आहे (उघडी फाइल असो की कनेक्शन, प्रत्येकाला कर्नल एक नंबर देतो, तो एफडी), त्यातल्या एन्ट्री मोज म्हणजे आत्ता किती उघडे आहेत ते कळेल. दोन्ही आकडे इथे टाक.

महालचा_पोट्टा
११ मार्च, रात्री १२:४१

टाकतो भाऊ. मॅक्स ओपन फाइल्स समोर सॉफ्ट १०२४, हार्ड ५२४२८८. म्हणजे माझे लाख इथं कुठंच नाही. एफडी फोल्डरमधे आत्ता ३८२, संध्याकाळीच रिस्टार्ट केलं होतं.

हे दोन दोन आकडे कायले असते? सॉफ्ट कोणाची आन हार्ड कोणाची?

धरमपेठचे_काका
११ मार्च, सकाळी ६:३५

मुला, तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, तिथून सुरू करू. मी हे सगळं सनच्या मशीनवर शिकलो, तेव्हा हाताशी मॅन पेजशिवाय काही नव्हतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गेटआरलिमिट आणि सेटआरलिमिट हे दोन सिस्टम कॉल ४.२बीएसडी मधून आले, १९८३ सालचं युनिक्स. नंतर ते पॉझिक्समधे गेले आणि आज लिनक्स, मॅक, बीएसडी सगळीकडे आहेत. कल्पना अशी की प्रत्येक प्रोसेसच्या नावावर कर्नल एक तक्ता ठेवतो. किती फाइल उघडायच्या, किती सेकंद सीपीयू खायचा, किती मेमरीचा पत्ता घ्यायचा, स्टॅक केवढा, एक फाइल किती मोठी लिहायची, असं बरंच. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला दोन आकडे. सॉफ्ट म्हणजे कर्नल आत्ता प्रत्यक्ष ज्यावर अडवतो तो. हार्ड म्हणजे सॉफ्ट कुठपर्यंत नेता येईल त्याची कमाल मर्यादा. साधी प्रोसेस आपला सॉफ्ट शून्यापासून हार्डपर्यंत कुठेही हलवू शकते, कोणाची परवानगी लागत नाही. हार्ड मात्र ती फक्त खाली आणू शकते आणि एकदा खाली आणला की परत वर नेता येत नाही, न्यायचा प्रयत्न केला तर ईपर्म (परवानगी नाही) मिळतो. वर न्यायला रूट पाहिजे, नेमकं सांगायचं तर कॅप सिस रिसोर्स नावाचा अधिकार.

आता यातली खरी गंमत ऐक. हा तक्ता वारशाने चालतो. फोर्क केला, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढून पोर जन्माला घातलं, की बापाचा तक्ता जसाच्या तसा पोराला, आणि एक्झेक करून नवा प्रोग्राम चढवला तरी तक्ता तोच राहतो. पण उलट्या दिशेला काही जात नाही, पोराने स्वतःची लिमिट बदलली तर बापाची बदलत नाही. म्हणूनच युलिमिट ही वेगळी कमांड असूच शकत नाही, ती शेलच्या पोटातलीच असावी लागते. वेगळा प्रोग्राम असता तर त्याने स्वतःची लिमिट बदलली असती आणि पुढच्या क्षणी मरून गेला असता, तुझं शेल होतं तिथेच. सुडोला युलिमिट सापडली नाही ती यामुळे, डिस्कवर सुडोला चालवता येईल असा त्या नावाचा प्रोग्रामच नाही.

दुसऱ्या चालू प्रोसेसची लिमिट बदलायची असेल तर लिनक्सवर पीआरलिमिट नावाचा तिसरा सिस्टम कॉल आहे, कर्नल २.६.३६ पासून. त्याला पीआयडी देता येतो. त्याच नावाची कमांडही आहे आणि ती खरी वेगळी कमांड आहे, त्यामुळे सुडोसोबत चालते.

आणि एक्झेकवर तक्ता टिकतो याचा अर्थ असा की तुझ्या गेटवेला जे मिळालं ते सिस्टिमडीच्या हातून आलं. तिथे युनिट फाइलमधे लिमिट-नोफाइल लिहायचं, मग डीमन-रीलोड, मग सर्व्हिस रिस्टार्ट. पण थांब, लगेच करू नकोस, तुझ्या प्रोग्रामचा आतला लूप कसा आहे ते आधी सांग.

महालचा_पोट्टा
१२ मार्च, सकाळी ८:१०

काका तुमची 'थांब' वाली ओळ मी उशिरा वाचली, माफ करा.

आज सकाळी ६:२० ले परत अडकलं. रिस्टार्ट केलं असतं तं सगळ्या गाड्यांचं कनेक्शन तुटलं असतं आन ऐन टाइमले सगळ्या गायब, म्हणून मी सुडो पीआरलिमिट लावून चालू प्रोसेसची सॉफ्ट ४०९६ केली. लिमिट्स फाइलमधे लगेच ४०९६ दिसलं, मले इतका आनंद झाला न. आन दोन सेकंदात प्रोग्राम पडला. शेवटची ओळ 'बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड'. सिस्टिमडीनं परत उठवला, गाड्या एका मिनिटात परत जुडल्या, तेव्हापासून चालून रायलं. पण लिमिट वाढवली आन प्रोग्राम मेला, हे कसं?

लूप पाह्यला. सिलेक्ट (कोणत्या कनेक्शनवर काही आलं ते सांगणारा कॉल) वापरलं आहे.

धरमपेठचे_काका
१२ मार्च, सकाळी ८:३२

माफी कशाची, पोरं गाडीत असताना तू जे सुचलं ते केलंस.

सिलेक्ट हेच मला बघायचं होतं. सिलेक्टला आपण एफडी सेट देतो, तो म्हणजे ठरलेल्या लांबीची बिटांची पट्टी, १०२४ बिट, १२८ बाइट. शून्य नंबरच्या एफडीला शून्यावा बिट आणि १०२३ ला शेवटचा. पट्टीची लांबी कंपाइल करतानाच ठरलेली आहे, लिमिट वाढवली म्हणून ती लांबत नाही. सकाळी तुझे ० ते १०२३ सगळे नंबर भरलेले होते. तू कुंपण हलवलंस, पुढच्याच ॲक्सेप्टला १०२४ नंबर मिळाला आणि प्रोग्राम पट्टीच्या पुढच्या मेमरीत बिट लिहायला गेला. तुझं नशीब की तुझा प्रोग्राम फोर्टिफाय लावून कंपाइल झालाय, म्हणून जीलिबसी या सी च्या लायब्ररीने पकडून जागच्या जागी मारला. ती तपासणी नसती तर शेजारचा डेटा गुपचूप बिघडला असता आणि एका गाडीचं लोकेशन दुसऱ्या गाडीच्या नावावर, असलं काहीतरी झालं असतं. ते शोधायला महिने जातात.

आता तुझ्या लक्षात येईल सॉफ्ट १०२४ आणि हार्ड ५२४२८८ असं विचित्र जोडपं का आहे. सिस्टिमडीने २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या २४० व्या आवृत्तीत हार्ड पाच लाख चोवीस हजारावर नेली आणि सॉफ्ट मुद्दाम १०२४ वरच ठेवली. सिलेक्ट वापरणारे जुने प्रोग्राम सुरक्षित राहावेत, आणि ज्याला माहीत आहे की आपण पोल किंवा इपोल (सिलेक्टचंच काम करणारे, पण १०२४ ची पट्टी नसलेले कॉल) वापरतो, त्याने सुरुवातीलाच स्वतः सेटआरलिमिट करून आपला सॉफ्ट वर न्यावा, अशी ती व्यवस्था आहे. जावाचं व्हर्च्युअल मशीन हे स्वतःहून करतं, गो भाषाही १.१९ पासून करते. तुझ्या सी प्रोग्रामला ते तू शिकवायचं आहेस, पण लूप बदलल्यावरच. आधी इपोल, मग लिमिट. हा क्रम उलटा करायचा नाही.

आणि एक सांग, एकूण डबे किती आहेत तुमच्याकडे? नक्की आकडा.

तर्रीपोहा_२४तास
१२ मार्च, सकाळी ९:०५

फायनल इयरला आहे, चुकलं तर सांगा. हे सगळं करण्यापेक्षा युनिटमधे सरळ इन्फिनिटी टाकलं तर काय बिघडते? सर्व्हरवर रॅम आहेच की.

मिहान_नाइटशिफ्ट
१२ मार्च, सकाळी ९:४०

बिघडतं. पहिलं म्हणजे नोफाइलला खरी इन्फिनिटी नसतेच, कर्नलमधे एनआर-ओपन नावाची वेगळी कमाल आहे, सहसा १०४८५७६, त्याच्यावर रूटलाही सेटआरलिमिट ईपर्म देतो. दुसरं, पुष्कळ जुने प्रोग्राम पोर जन्माला घातल्यावर ३ पासून लिमिटपर्यंत प्रत्येक नंबर क्लोज करत बसतात. लिमिट १०२४ असेल तर कळतही नाही. कोणी एनआर-ओपन अब्जावर नेऊन वर इन्फिनिटी ठेवली असेल तर तोच लूप अब्ज वेळा फिरतो, आणि प्रोग्राम काही न करता मिनिटंच्या मिनिटं सीपीयू खातो. मी एका कंटेनरमधे हे स्वतः पाहिलंय, रात्रभर नेटवर्कला दोष देत बसलो होतो. कर्नल ५.९ मधे क्लोज-रेंज हा कॉल आला, तो एका झटक्यात पूर्ण टप्पा बंद करतो, पण जुन्या प्रोग्रामला त्याची खबर नाही.

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, लिमिट हीच तुझी गळतीची घंटा आहे. काकांनी डब्यांचा आकडा विचारला तो त्यासाठीच.

महालचा_पोट्टा
१२ मार्च, दुपारी १:१५

चालू डबे ६४०. पक्का आकडा, रिचार्जच्या यादीतून काढला.

आता लिहिता लिहिताच समजून रायलं. ६४० डबे, त्यात लॉग, डेटाबेस, ऐकणारा सॉकेट असं सगळं धरलं तं जास्तीत जास्त ६६०. मंग १०२४ भरते कशाले?

मिहान_नाइटशिफ्ट
१२ मार्च, दुपारी १:३०

आता आलास मुद्द्यावर. एसएस कमांडने एस्टॅब्लिश्ड कनेक्शन काढ, तुझ्या लॉगमधल्या आयएमईआयशी (प्रत्येक डब्याचा स्वतःचा नंबर) जोड, आणि एका आयएमईआयच्या नावावर किती कनेक्शन आहेत ते मोज. आणि सांग, सर्व्हर डब्याला उलट काही पाठवतो का?

महालचा_पोट्टा
१२ मार्च, संध्याकाळी ७:२२

नाही पाठवत. डबा बोलते, सर्व्हर ऐकते, बस.

मोजलं. शाळेच्या व्हॅनचं बहुतेक एक एकच आहे. पण जबलपूरकडे जाणारा एक ट्रक आहे त्याच्या नावावर १४ कनेक्शन. चौदा! सगळे एस्टॅब्लिश्ड. त्यातलं बोलून रायलं फक्त एक, बाकीचे मुके. दुसऱ्या ट्रकचे ९. मनसरच्या पुढं खवासाकडं, पेंचच्या जंगलातून रस्ता जाते तिथं नेटवर्क येते जाते, तेच असंन ना?

मिहान_नाइटशिफ्ट
१२ मार्च, संध्याकाळी ७:५०

तेच. टीसीपीत कनेक्शन संपलं हे सांगायला एक पॅकेट यावं लागतं. जंगलात रेंज गेली तर डब्याकडून तसलं काही निघतच नाही. रेंज आली की डबा नवीन पोर्टवरून नवीन कनेक्शन करतो, आणि जुनं तुझ्या बाजूला जिवंत समजून पडून राहतं. सर्व्हर काही पाठवत असता तर पोच आली नाही म्हणून पंधरा-वीस मिनिटांत कर्नलने हात टेकले असते. तू काही पाठवतच नाहीस, मग कर्नलला संशय यायचं कारणच नाही. असा मुका सॉकेट जन्मभर राहू शकतो.

कीपअलाइव्ह म्हणून सोय आहे पण ती सॉकेटवर आपण चालू करावी लागते, आणि चालू केली तरी मूळ सेटिंग म्हणजे ७२०० सेकंद शांतता, मग ७५-७५ सेकंदांनी ९ वेळा विचारणा. बेरीज कर, ७८७५ सेकंद, दोन तास अकरा मिनिटं. तुझ्या कामाला हे फार ढिलं. सॉकेटनिहाय कमी करता येतं, पण तुझा डबा दर १० सेकंदाला बोलतो ना, मग सरळ प्रोग्राममधेच ठेव की ३ मिनिटं गप्प तर क्लोज. आणि त्याच आयएमईआयचं नवीन कनेक्शन आलं की जुनं त्या क्षणी क्लोज. या दोन गोष्टींनी तुझा आकडा ६६० च्या वर जाणारच नाही.

आज लाखाची लिमिट लागली असती तर हा आजार तुला सहा महिन्यांनी दिसला असता.

लॅब_नंबर_तीन
१२ मार्च, रात्री ९:१०

मधेच येते, वेगळा धागा काढणार होते पण इथे काकांनी नेमकं मला हवं तेच समजावलंय. मी हिंगणा रोडच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. लॅबमधे एक सर्व्हर आहे, मुलं प्रोग्राम अपलोड करतात, तो तपासून मार्क देतो, ते सगळं मीच पायथनमधे लिहिलंय. मागच्या आठवड्यात एका मुलीच्या प्रोग्राममधे फोर्क चुकून लूपच्या आत राहिला आणि अख्खा सर्व्हर गोठला, पॉवर बटण दाबून बंद करावा लागला. ती बिचारी रडायला लागली, चूक तिची नव्हतीच, कुंपण मी घालायला हवं होतं.

मग मी रिसोर्स मॉड्यूल वापरून प्रोसेसची लिमिट २० लावली. तर नवीनच अडचण, एका वेळी बऱ्याच मुलांनी सबमिट केलं की साध्या साध्या प्रोग्रामनाही 'रिसोर्स टेंपररिली अनअव्हेलेबल' येतं. माझ्या हिशोबाने प्रत्येकाला २० मिळायला हवेत.

धरमपेठचे_काका
१२ मार्च, रात्री १०:४०

मॅडम, कुंपण घालायला हवं होतं असं म्हणणारे शिक्षक मुलांना मिळाले, बरं वाटलं वाचून. तुमचा हिशोब जिथे चुकला तिथे जवळजवळ सगळ्यांचा चुकतो, कारण तक्त्यातली ती एक ओळ बाकीच्यांसारखी नाही. एनप्रोकची, म्हणजे किती प्रोसेस त्याची, लिमिट लिहिलेली असते प्रोसेसच्या नावावर, पण मोजणी होते युजरची. त्या युजर आयडीच्या त्या मशीनवर जितक्या प्रोसेस चालू आहेत त्या सगळ्या, आणि थ्रेडही त्यातच धरले जातात. तुमच्याकडे सगळे सबमिशन एकाच युजरखाली चालत असणार. दहा जणांच्या दोन-दोन झाल्या की अकराव्याला ईएजेन, म्हणजे तुमची तीच 'टेंपररिली अनअव्हेलेबल' ओळ. वीस सगळ्यांत मिळून आहेत.

उपाय असा, एका वेळी समजा आठ सबमिशन तपासता, तर आठ वेगळे युजर बनवा आणि प्रत्येक खिडकीला एक युजर द्या. आणि मुलांचा कोड रूटखाली कधीच चालवू नका, रूटला ही लिमिट लागतच नाही, मग कुंपण आहे असं फक्त वाटत राहतं.

क्रम असा ठेवा. फोर्क करा. पोराच्या बाजूला, एक्झेकच्या आधी, सगळे सेटआरलिमिट, मग ग्रुप आणि युजर बदला, मग एक्झेक. प्रत्येक कॉलचा रिटर्न तपासा, सेटयूआयडीचा तर नक्कीच. पायथनमधे सबप्रोसेसला प्री-एक्झेक फंक्शन देता येतं, तेच हे ठिकाण.

सीपीयूला सॉफ्ट २ आणि हार्ड ३ ठेवा. सॉफ्ट संपला की एक्ससीपीयू सिग्नल येतो, तो प्रोग्रामला पकडता येतो. हार्डला सरळ किल, तो कोणाला पकडता येत नाही. पण हे घड्याळाचे सेकंद नाहीत, सीपीयूवर प्रत्यक्ष घालवलेले सेकंद आहेत. स्कॅनएफवर वाट बघत बसलेला प्रोग्राम किंवा स्लीप टाकलेला प्रोग्राम दिवसभर बसला तरी याचा एक सेकंद संपत नाही. त्यामुळे बापाच्या बाजूला स्वतंत्र घड्याळ ठेवावंच लागतं, १० सेकंद झाले की अख्ख्या प्रोसेस ग्रुपला किल. उलट चार थ्रेड पळाले तर चौघांचा वेळ एकत्र मोजला जातो. आणि फोर्क झालेल्या पोराचं मीटर शून्यापासून सुरू होतं, म्हणजे सीपीयू लिमिट एकटी पुरत नाही, सोबत एनप्रोक लागतेच.

प्रिंट अनंत लूपमधे पडणं हा मुलांचा नेहमीचा प्रकार. त्याला एफसाइज, पण ती फाइलवर लिहिताना लागते, पाइपवर नाही. आउटपुट फाइलमधे घ्या. कोअर शून्य ठेवा, नाहीतर प्रत्येक सेगफॉल्टला डिस्कवर डंप पडेल.

मेमरीसाठी आरएसएस नावाची ओळ दिसेल, तिच्या नादी लागू नका, ती तक्त्यात उरलीय पण २.६ पासून पुढच्या लिनक्सवर तिचा काही परिणाम होत नाही. एएस वापरा, म्हणजे पत्त्यांची एकूण जागा. ती संपली की मॅलॉक नल देतो. इथे मुलांना एक धडाही मिळतो, नल तपासायची सवय.

लॅब_नंबर_तीन
१२ मार्च, रात्री ११:०५

काका, हे मी प्रिंट काढून लॅबच्या भिंतीवर लावणार आहे. एकच शंका, एएस ५१२ एमबी लावली तर सी चे प्रोग्राम छान चालतात पण जावा सुरूच होत नाही. मुलाच्या प्रोग्राममधे तर फक्त हॅलो आहे.

मिहान_नाइटशिफ्ट
१२ मार्च, रात्री ११:३५

हे माझ्याकडे द्या मॅडम. जावा चढताना पत्त्यांची प्रचंड जागा आधीच राखून ठेवते, प्रत्यक्ष रॅम वापरत नाही, नुसती राखते. एएस राखलेलंही मोजते, म्हणून हॅलोलाही जागा पुरत नाही. शिवाय ती सुरू होतानाच बरेच थ्रेड काढते, तुमच्या २० मधे त्याचीही अडचण होणार.

जावासाठी सीग्रुप वापरा. सेटआरलिमिटचं दुखणं हेच की जवळपास सगळं एकेका प्रोसेसवर चालतं, सीग्रुप एका अख्ख्या टोळीला बांधतो. गूगलच्या लोकांनी २००६ मधे काम सुरू केलं, २००८ च्या जानेवारीत कर्नल २.६.२४ मधे आलं, दुसरी आवृत्ती २०१६ मधे ४.५ सोबत. मेमरी-मॅक्स खरी वापरलेली मेमरी मोजतो, पिड्स-मॅक्स त्या टोळीत किती प्रोसेस आणि थ्रेड ते बघतो, युजर कोण याच्याशी घेणंदेणं नाही, म्हणजे तुमचा वीसचा प्रश्नही तिथेच सुटतो. सीपीयू-मॅक्समधे दोन आकडे, ५०००० आणि १००००० म्हणजे प्रत्येक १०० मिलिसेकंदात ५० मिलिसेकंद, अर्धा कोअर. हाताने फोल्डर बनवायचीही गरज नाही, सिस्टिमडी-रन ला मेमरी-मॅक्स आणि टास्क्स-मॅक्स सांगा, काम झालं की तो गुंडाळून टाकतो.

पण आरलिमिट काढू नका. सीपीयूचे एकूण सेकंद, फाइलची साइज, कोअर, हे त्यांचंच काम. दोन्ही लावा.

महालचा_पोट्टा
२४ मार्च, रात्री १०:१८

मंडळी, उशिरा लिहून रायलो कारण मले आठवडाभर चालवून मंगच लिहायचं होतं.

दोन रात्री बसलो. सिलेक्ट काढून इपोल टाकलं. प्रोग्राम सुरू झाला की पहिले गेटआरलिमिट, हार्ड पाहाते, सॉफ्ट ४०९६ करते, सेटआरलिमिटचा रिटर्न तपासते आन जुना-नवा आकडा लॉगमधे लिहिते. लाख नाही टाकले, ६४० डब्यांले ४०९६ पुरून उरते आन गळती झाली तं लवकर दिसन. तीन मिनिटं गप्प तं क्लोज, आन त्याच आयएमईआयचं नवीन आलं तं जुनं क्लोज. लॉगमधे दर मिनिटाले उघड्या एफडीचा आकडा, ८०० च्या वर गेला की मले मेसेज येते.

सीपीयू १०० टक्के काऊन होत होता ते भी समजलं. लिमिट भरली की ॲक्सेप्ट फेल होते पण वाट पाहणारं कनेक्शन रांगेतच राहते, मंग सिलेक्ट लगेच म्हणते 'आलं आहे, घे', परत फेल, परत 'घे', असं गरगर. त्याच्यावर एक जुनी युक्ती वापरली, सुरुवातीलेच डेव्ह-नल उघडून एक एफडी राखून ठेवायचा. लिमिट भरली की तो बंद करायचा, त्या जागी ॲक्सेप्ट करून आलेल्याले लगेच क्लोज करायचं, आन राखीव परत उघडायचा. डब्याले कळते की आपल्याले नाही घेतलं, तो थोड्या वेळानं परत येते.

आकडा नऊ दिवसापासून ६४८ ते ६५६. जबलपूरवाल्या ट्रकच्या नावावर एक कनेक्शन. एकच.

शनिवारी रात्री गाड्या उभ्या असताना मुद्दाम टेस्ट केली. पीआरलिमिटनं चालू प्रोसेसची लिमिट ६०० वर आणली. मले भीती होती की वरचे पन्नास तुटते का काय, पण जे उघडे होते त्यांले कर्नलनं हात नाही लावला, फक्त नवीन घेणं बंद. राखीववाली युक्ती चालली, सीपीयू २ टक्क्यावरच. दहा डबे रिस्टार्ट करून पाह्यले, बाहेर थांबले. लिमिट परत वाढवली तं दहाही एका मिनिटात आत.

धरमपेठचे_काका
२४ मार्च, रात्री १०:५०

ही टेस्ट केलीस हे फार आवडलं मला. खाली आणताना कोलनच्या अलीकडचा आकडा बदललास की दोन्ही?

महालचा_पोट्टा
२४ मार्च, रात्री १०:५४

फक्त अलीकडचा काका, सॉफ्ट. हार्ड ५२४२८८ होती तशीच आहे, आता पाहून आलो.

लॅब_नंबर_तीन
२५ मार्च, सकाळी ७:४५

माझ्याकडचंही सांगते. आठ युजर, आठ खिडक्या, जावा सीग्रुपमधे. काल त्याच मुलीला बोलावून तिचा तोच जुना प्रोग्राम परत सबमिट करायला लावला. तिचा हात एंटरवर थबकला होता. स्क्रीनवर तिच्या प्रोग्रामसमोर ईएजेन आलं आणि शेजारच्या सात जणांचे निकाल नेहमीसारखे येत राहिले.